चार पुलांची फेरी

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला निघालं की तासाभराच्या आत म्युअर वुड्सच्या दारात पोहोचता येतं. माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या नैर्ऋत्य उतारावरची ही अरुंद दरी. तळाशी रेडवुड क्रीक नावाचा ओढा, ओढ्याच्या दोन्ही काठांनी सपाट पाऊलवाट आणि वाटेवर चार पूल. दुसऱ्या पुलावरून वळलं तर अर्ध्या तासात माणूस परत दाराशी येतो, तिसऱ्यावरून वळलं तर तासाभरात. चौथ्या पुलापर्यंत जाऊन डोंगराच्या कडेने जाणाऱ्या हिलसाइड ट्रेलने परतायचं ठरवलं, तर सव्वातीन किलोमीटरची फेरी दीड तासात पुरी होते. मुलांकडे अमेरिकेत आलेल्या मराठी आईवडिलांना सॅन फ्रान्सिस्कोच्या सहलीत हे रान बहुतेक वेळा दाखवलं जातं, कारण गुडघे दुखत असले तरी पहिल्या दोन फेऱ्या निभावतात. तळाच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी लाकडी फळ्या घातलेल्या आहेत, त्यामुळे व्हीलचेअरही जाते.

या सोप्या वाटेचा इतिहास मात्र सरळ नाही. हे रान वाचलं ते लोकांना तिथवर सहज जाता यावं या इच्छेतून. पुढे त्याला सर्वांत जास्त झीज सोसावी लागली तीही लोक सहज येऊ लागल्यामुळे. आजची फेरी म्हणजे या दोहोंमधली तडजोड, आणि ती करायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

आधी झाडांविषयी. किनारी रेडवुड ही जगातली सर्वांत उंच वाढणारी वृक्षजात. तिचे विक्रमी उंचीचे वृक्ष आणखी उत्तरेला आहेत, पण म्युअर वुड्समधलं सर्वांत उंच झाडही 258 फुटांचं, म्हणजे पंचवीस मजली इमारतीला भिडणारं. इथली बहुतेक मोठी झाडं 600 ते 800 वर्षांची आहेत आणि सर्वांत म्हाताऱ्या झाडाचं वय 1200 वर्षांच्या पुढे धरतात. एवढ्या अवाढव्य झाडाचं फळ मात्र बोराएवढं, आणि आतलं बी टोमॅटोच्या बियांइतकं बारीक. साल कुठे कुठे फूटभर जाड असते. लाकडात राळ नाही आणि टॅनिन भरपूर, त्यामुळे आगीला आणि किडीला हे झाड सहजी बधत नाही. खोड मेलं तरी बुंध्याभोवती धुमारे फुटतात, त्यांची झाडं होतात आणि मूळ झाड कुजून गेल्यावर मधल्या मोकळ्या जागेभोवती त्यांचं वर्तुळ उभं राहतं. वाटेने चालताना अशी वर्तुळं नीट पाहिली की तिथे पूर्वी किती जाडीचं झाड होतं याचा अंदाज बांधता येतो.

पाण्याची गोष्ट मराठी वाचकाला जास्त नवलाची वाटेल. आपल्याकडे मुसळधार पाऊस असतो नेमक्या त्याच महिन्यांत कॅलिफोर्नियात थेंबही पडत नाही. तिथला पाऊस हिवाळ्यातला. मग कोरड्या उन्हाळ्यात एवढी झाडं जगतात कशी? तर पॅसिफिकवरून रोज दाट धुकं आत येतं, उंच फांद्यांच्या सुयांना अडकतं, त्याचे थेंब होऊन खाली ठिबकतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या एका रानात शास्त्रज्ञांनी मोजणी केली, तेव्हा वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा धुक्याचा निघाला. म्हणूनच ही झाडं किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातच वाढतात. ऐन जुलैतही म्युअर वुड्समध्ये स्वेटर लागतो तो याच धुक्यामुळे.

प्रवेशाजवळ एका रेडवुडच्या ओंडक्याचा आडवा काप मांडलेला आहे. त्याच्या मधल्या ठिपक्यापाशी इसवी सन 909 असं लिहिलंय, कडेला 1930, म्हणजे झाड कोसळलं ते साल. मधल्या कड्यांवर जगाच्या इतिहासातली सालं टाचली आहेत, कोलंबसची सफर, अमेरिकेचं स्वातंत्र्य वगैरे. मराठी माणसाचं बोट आपोआप दुसऱ्या सालांकडे वळतं. 1290, म्हणजे ज्ञानेश्वरी पुरी झाली ते साल, या कापात केंद्राच्या बाजूला, अजून निम्म्या अंतराच्या आत सापडेल. 1674च्या राज्याभिषेकाची कडी सालीच्या बरीच जवळ. कड्यांची जाडी दरवर्षी सारखी नसते, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. तरी आपल्या शाळेतल्या इतिहासाचं पुस्तक एका लाकडावर पसरून ठेवल्यासारखं वाटतं.

युरोपीय लोक येण्याआधी हजारो वर्षं हा मुलूख कोस्ट मिवोक लोकांचा होता. ते मासे धरत, ओकची फळं दळून खात आणि ठरावीक काळाने गवत-झुडपांना आग लावून जमीन मोकळी करत. या जाळण्यामुळे शिकारीचे प्राणी चरायला येत आणि रानात वाळका पाचोळा साठत नसे. 1817 साली सॅन राफेलला स्पॅनिश मिशन उभं राहिलं. मिवोकांना तिथे कामाला जुंपलं गेलं, रोगराईने त्यांची संख्या झपाट्याने घटली आणि जाळण्याची रीतही थांबली. ‘माणसाचा हात न लागलेलं रान’ असं म्युअर वुड्सचं वर्णन पुष्कळदा केलं जातं, ते या इतिहासापुढे टिकत नाही. मिवोकांचे वंशज आज ‘फेडरेटेड इंडियन्स ऑफ ग्रेटन रँचेरिया’ या नावाने संघटित आहेत आणि 2000 साली त्यांना संघराज्याची मान्यता परत मिळाली.

1849च्या सुमारास सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे आले आणि सॅन फ्रान्सिस्को वाढू लागलं. घरं, गोदामं, धक्के, रेल्वेचे स्लीपर, सगळ्याला रेडवुड लागायचं. डोंगराच्या पलीकडच्या मिल व्हॅली गावाचं नावच मुळी तिथल्या जुन्या लाकूड गिरणीवरून पडलं. त्या काळी कॅलिफोर्नियात सुमारे वीस लाख एकरांवर जुनं रेडवुडचं रान होतं, त्यातलं आज पाच टक्क्यांच्या आसपास उरलंय. रेडवुड क्रीकची दरी या तोडीतून वाचली ती मुख्यतः तिच्या अडचणीच्या जागेमुळे. उतार तीव्र, आणि ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे ओंडके जहाजावर चढवायला धड बंदर नाही. शिवाय पुढे ही जमीन सॅम्युअल थ्रॉकमॉर्टन या बड्या जमीनदाराकडे गेली आणि त्याने ती शिकारीसाठी राखली. लाकूडतोड्यांना अवघड गेली ती वाट हौशी मंडळींना अवघड गेली नाही. 1892 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बोहेमियन क्लबने इथे उन्हाळी मुक्काम केला, तेव्हा जपानमधल्या कामाकुराच्या दाइबुत्सूची, म्हणजे प्रचंड बुद्धमूर्तीची, भव्य प्रतिकृती झाडांच्या मधोमध उभारली होती. जागा फार गारठ्याची म्हणून क्लबने पुढे दुसरीकडे बस्तान हलवलं. दरीतला तो भाग आजही बोहेमियन ग्रोव्ह म्हणूनच ओळखला जातो.

रान वाचवायचं हा विचार जाहीरपणे मांडण्यात स्त्रिया पुढे होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया क्लबच्या लॉरा व्हाइट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही दरी सार्वजनिक व्हावी म्हणून खटपट केली. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांनी सह्या गोळा करणं, पत्रं लिहिणं, पुढाऱ्यांना गाठणं ही कामं चिकाटीने केली. योगायोग असा की जमिनीची मालकी असलेल्या कंपनीचे प्रमुख होते लॉरा यांचेच पती लॉव्हेल व्हाइट.

1905 साली विल्यम केंट नावाच्या श्रीमंत माणसाने ही 611 एकर जमीन 45,000 डॉलरना विकत घेतली. केंट शिकागोत जन्मले, पण वाढले हे रान ज्या मरिन परगण्यात आहे तिथे. शिकागोतल्या त्यांच्या मालकीच्या गलिच्छ चाळींवर हल हाउस या समाजसेवी संस्थेने टीका केली, तेव्हा त्यांनी चाळी पाडून ती जागा मुलांच्या मैदानासाठी दिली होती. म्युअर वुड्सच्या खरेदीसाठी त्यांना कर्ज काढावं लागलं. पत्नी एलिझाबेथ यांना हा व्यवहार धोक्याचा वाटला. त्यावर केंट यांचं म्हणणं असं, की सगळा पैसा गेला आणि झाडं वाचली तरी सौदा फायद्याचाच. पुढे याच एलिझाबेथ केंट स्त्रियांच्या मताधिकाराच्या आंदोलनात व्हाइट हाउससमोर निदर्शनं करताना पकडल्या गेल्या. या रानाच्या इतिहासात त्यांचं नाव फार काळ पतीच्या मागे झाकलेलं राहिलं.

केंट यांना हे रान कुंपण घालून बंद करायचं नव्हतं. लोक आले पाहिजेत, त्यांनी पाहिलं पाहिजे, तरच ते रानाच्या बाजूने उभे राहतील, अशी त्यांची धारणा होती. त्यात व्यवहारही होता. 1896पासून मिल व्हॅलीहून टॅमलपाइसच्या माथ्याकडे एक रेल्वे धावत होती. तेरा किलोमीटरांत 281 वळणं, म्हणून ‘जगातली सर्वांत वाकडी रेल्वे’ अशी तिची जाहिरात केली जायची. तिच्या चालकांशी बोलून केंट यांनी दरीत उतरणारा फाटा काढायचं ठरवलं आणि रानाच्या कडेला पांथस्थांसाठी मुक्कामाची जागा बांधायची योजना केली.

मग 1907च्या अखेरीस कज्जा उभा राहिला. जेम्स न्यूलँड्स यांच्या नॉर्थ कोस्ट वॉटर कंपनीला दरीत धरण बांधून पाणी साठवायचं होतं. त्यासाठी रानाच्या तळातली 47 एकर जमीन सक्तीने संपादन करायला कंपनी कोर्टात गेली. आदल्याच वर्षी भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या आगीने सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं होतं. शहराला पाणी हवं होतं, लाकूडही हवं होतं. स्थानिक कोर्टात आपण हरणार, हे केंट यांनी ओळखलं.

त्यांनी शोधलेली वाट हा या कहाणीतला सर्वांत हुशारीचा भाग. 1906 साली अमेरिकेत पुरातन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला होता. ऐतिहासिक किंवा शास्त्रीय महत्त्वाची जागा काँग्रेसला न विचारता राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करायचा अधिकार त्याने राष्ट्राध्यक्षांना दिला होता, आणि खासगी मालकाने अशी जमीन दान दिली तर सरकार ती घेऊ शकत होतं. जमीन एकदा संघराज्याची झाली की पाणी कंपनीचा दावा तिथेच संपणार. केंट यांनी वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंचो यांच्याशी संधान बांधलं, झाडांची मापं आणि छायाचित्रं जमवली आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबर 1907ला, 295 एकरांचं दानपत्र वॉशिंग्टनला पाठवून दिलं. 9 जानेवारी 1908ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी घोषणेवर सही केली. सरकारी कागद दोन आठवड्यांत मार्गी लागावा, हे त्या काळातही विरळाच! खासगी माणसाने दिलेल्या जमिनीवरचं हे अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय स्मारक.

नाव जॉन म्युअर यांचं द्यायचं, ही अट केंट यांची. म्युअर म्हणजे कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटीच्या रानाच्या रक्षणासाठी आयुष्य वेचलेले निसर्गलेखक. तुमचंच नाव देऊ, असं रूझवेल्ट यांनी सुचवलं, पण केंट यांनी नकार दिला. आपली मुलं आपलं नाव टिकवायला समर्थ नसतील तर ते विसरलं गेलेलंच बरं, अशा आशयाचं उत्तर त्यांनी कळवलं आणि राष्ट्राध्यक्षांनी ते मानलं.

इथेच थांबलं तर केंट यांचं चित्र फारच गुळगुळीत होईल. 1911 ते 1917 ते काँग्रेसमध्ये होते. योसेमिटीतल्या हेच हेची दरीत सॅन फ्रान्सिस्कोसाठी धरण बांधायला म्युअर यांचा जीव तोडून विरोध होता. 1913 साली धरणाचा कायदा झाला तेव्हा केंट धरणाच्या बाजूने उभे राहिले. स्वतःच्या दरीतलं धरण रोखणाऱ्या माणसाने दुसऱ्या दरीतल्या धरणाला हात दिला. म्युअर पुढच्याच वर्षी वारले. याच केंट यांनी 1916 साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन करणारं विधेयकही सभागृहात मांडलं.

आणखी एक बाजू आशियाई लोकांविषयीची. केंट आशियाई स्थलांतराचे उघड विरोधक होते. कॅलिफोर्नियाने 1913मध्ये परक्यांच्या जमीनमालकीवर बंदी घालणारा कायदा केला. तो प्रामुख्याने जपान्यांवर रोखलेला होता, पण त्याची झळ हिंदुस्थानातून आलेल्या शेतकऱ्यांनाही बसली. त्याच सुमारास या डोंगराच्या परिसरात एक मराठी तरुण वावरून गेला होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे लष्करी शिक्षण घेण्यासाठी सॅन राफेलच्या माउंट टॅमलपाइस मिलिटरी अकादमीत दाखल झाले होते. 1913 सालीच सॅन फ्रान्सिस्कोत गदर चळवळीने आपलं ठाणं मांडलं आणि तिच्या उभारणीत खानखोजे अग्रभागी होते. ज्या डोंगराचं रान सर्वांसाठी खुलं करण्याचा अभिमान केंट बाळगत, त्याच डोंगराच्या नावाच्या शाळेत आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी कवायत शिकणाऱ्या माणसाच्या देशबांधवांना केंट यांच्यासारख्या पुढाऱ्यांना कॅलिफोर्नियात येऊ द्यायचं नव्हतं. ही विसंगती झाडांच्या सौंदर्याआड झाकून ठेवण्याचं कारण नाही.

दरम्यान दरीत लोक येऊ लागले होते. रेल्वेच्या फाट्यावरचे ‘ग्रॅव्हिटी कार’ नावाचे उघडे डबे हे त्या काळचं मोठं आकर्षण. इंजिन नाही, उतारच डब्याला खाली नेणार, आणि ब्रेक सांभाळायला एक माणूस. घोंगावणारा वारा तोंडावर घेत, वळणावळणाने माणसं रेडवुडच्या सावलीत उतरायची. परतीला इंजिन डबे वर ढकलून न्यायचं. केंट यांनी सरकारला दिलेल्या 295 एकरांच्या बाहेर, स्वतःकडे राखलेल्या जमिनीवर, म्युअर इन नावाचं विश्रांतिगृह उभं राहिलं. 1913च्या आगीत ते जळालं, पुन्हा बांधलं गेलं. 1920च्या दशकात टोल भरून मोटारीने येता येईल असा रस्ता झाला आणि रेल्वेचे दिवस भरले. 1929च्या वणव्याने डोंगर होरपळला. पुढच्या वर्षी रूळ उखडले गेले.

मोटारी सुरुवातीला थेट झाडांपर्यंत नेल्या जात. लोक बुंध्यांवर नावं कोरत, साली सोलून आठवण म्हणून घरी नेत, ओढ्याकाठी चुली मांडत. रेडवुडची मुळं खोल जात नाहीत, तीन-चार मीटरांवर थांबतात आणि आडवी लांबवर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. हजारो पायांखाली माती दबली की या मुळांना हवा-पाणी मिळेनासं होतं. मोटारी बाहेर काढल्या गेल्या, वाटा आखल्या गेल्या, कठडे आले. 1937 साली गोल्डन गेट पूल खुला झाल्यावर येणाऱ्यांची संख्या तिपटीच्या घरात गेली आणि हे उपाय अपुरे पडले.

1945च्या मे महिन्यात या वाटेवर वेगळेच पाहुणे आले. सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची स्थापना करणारी परिषद भरली होती. युद्धात होरपळलेल्या देशांच्या प्रतिनिधींना या झाडांमध्ये आणावं, अशी सूचना त्याआधीच पुढे आली होती. पण परिषद भरायच्या तेरा दिवस आधी, 12 एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट वारले. 19 मे रोजी प्रतिनिधी आले ते त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी. कॅथीड्रल ग्रोव्ह या भागात तो कार्यक्रम झाला आणि तिथे आता स्मृतिफलक आहे. तिसरा पूल जवळ आला की वाटेवर शांतता पाळण्याच्या सूचना दिसतात. हा भाग शांतता क्षेत्र म्हणून राखला आहे. इथे लोक खरोखरच आवाज खाली आणतात, लहान मुलंसुद्धा.

रानाच्या बाबतीत सर्वांत उशिरा लक्षात आलेली चूक ओढ्याशी निगडित आहे. 1930च्या दशकात मंदीतल्या बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून इथे बरीच बांधकामं झाली. पुराने काठ खचू नयेत, झाडं आणि वाटा वाचाव्यात, म्हणून ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दगडांचे बांध घातले गेले. हेतू चांगला होता, दगडकामही सुरेख होतं. पण ओढा त्यामुळे एका चरासारखा सरळ वाहू लागला. समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या कोहो सामन माशांच्या पिल्लांना संथ पाण्याचे डोह आणि पडलेल्या ओंडक्यांचा आडोसा लागतो. दोन्ही नाहीसे झाले. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा कोहो आता धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे.

झाड पडलं तर काय करायचं, याबद्दलची समजही बदलली. या रानातलं सर्वांत उंच झाड एके काळी रेडवुड नव्हतंच, तो एक डग्लस फर होता आणि तो केंट यांचा लाडका. 1928 साली केंट वारल्यावर त्याच झाडाशी त्यांचं स्मारक केलं गेलं. 2003च्या मार्चमध्ये ते झाड कोसळलं. त्याचे ओंडके विकायला नेले नाहीत. खोड तिथेच आहे, त्यावर शेवाळ आणि नेचे वाढतात आणि माती तयार होते.

गर्दीवरचा उपाय 2018च्या जानेवारीत आला. गाडी लावायची जागा किंवा बसमधली जागा आधी आरक्षित केल्याशिवाय आता गाडीने किंवा बसने या दरीत येता येत नाही. वर्षाला दहा लाखांच्या आसपास माणसं या छोट्याशा वाटेवर येऊ लागल्यावर दुसरा इलाज उरला नव्हता. आयत्या वेळी जाऊ म्हणणाऱ्याची यात अडचण होते, पण झाडांच्या मुळांकडे पाहता हा नियम योग्यच आहे.

इतिहास सांगणाऱ्या फलकाचं मात्र अजून मिटलेलं नाही. 2021 साली उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी जुन्या कालपटावर पिवळ्या चिठ्ठ्यांसारखी टिपणं जोडली. मिवोक लोक, मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया आणि केंट यांची आशियाविरोधी भूमिका, असं जुन्या मजकुरातून गळालेलं सगळं त्यांत होतं. 2025च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून आलेल्या आदेशांनंतर ही टिपणं काढून टाकली गेली.

ओढ्याचं काम मात्र पुढे सरकलंय. 2019पासून काठावरचे दगड टप्प्याटप्प्याने उचलले गेले, पाण्यात ओंडके आणून टाकले गेले, प्रवाहाला वळायला जागा दिली गेली. हिवाळ्यातले मोठे पाऊस झाले की उद्यानाचे अभ्यासक काठाने फिरत वर आलेल्या कोहोंची आणि त्यांनी तळाच्या खडीत केलेल्या घरट्यांची नोंद ठेवतात. ही मोजणी दर हिवाळ्यात होते, आणि नशीब असेल तर पहिल्या पुलावरून खाली पाहणाऱ्यालाही मासा दिसतो.